आधी माणूस बघा, मग खुर्ची: कॉम्प्युटरच्या टेबलाची सुरक्षा तपासणी पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एक दिवस कुणीतरी दोन पानी चेकलिस्ट हातात ठेवतं आणि म्हणतं, "सगळ्यांची वर्कस्टेशन्स महिनाअखेरपर्यंत तपासून टाका." तुम्ही ॲडमिनमध्ये असाल, एचआरमध्ये असाल, किंवा सेफ्टी कमिटीच्या मीटिंगला नेमके त्या दिवशी गैरहजर असाल. काम तुमच्या गळ्यात पडलेलं असतं.

मीही असाच यात पडलो. पहिल्याच आठवड्यात साठ टेबलं उरकली, टेबलामागे सहा मिनिटं. खुर्ची वर-खाली होते का? होते. मॉनिटर समोर आहे का? आहे. सगळीकडे बरोबरची खूण. दोन महिन्यांनी त्यातल्याच एका मॅडमच्या डाव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. मी फॉर्म काढून बघितला, त्यात एकही दोष नव्हता. मग त्यांच्या शेजारी अर्धा तास जाऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. त्या दिवसभर ग्राहकांचे फोन घ्यायच्या. उजवा हात माउसवर, डाव्या हातात फोन आणि डावं कोपर टेबलाच्या धारदार कडेवर टेकलेलं. कोपराच्या आतल्या बाजूने जी नस जाते ती थेट करंगळीपर्यंत पोचते. तीच तासन्‌तास दाबली जात होती. मी गेलो होतो त्या सहा मिनिटांत फोन वाजला नव्हता, एवढंच. उपाय होता साधा हेडसेट.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी माणूस काम कसं करतो ते बघायचं, मग सामानाकडे वळायचं. खाली सांगतोय ते सगळं याच क्रमाने आहे.

सुरू करण्यापूर्वी

दोन शब्द डोक्यात वेगळे ठेवा: धोका आणि जोखीम. टेबलाखाली लोंबणारी वायर हा धोका. त्या वायरीत कुणाचा तरी पाय अडकेल याची शक्यता किती आणि अडकलाच तर किती लागेल, ही जोखीम. भिंतीलगतची वायर आणि येण्याजाण्याच्या वाटेवरची वायर, धोका एकच, जोखीम वेगळी. तुमचं काम जोखीम ठरवण्याचं आहे, वायरी मोजण्याचं नाही.

कायदा प्रत्येक देशात निराळा आहे, तेव्हा तुम्हाला लागू असलेला आधी काढून वाचा. युरोपात स्क्रीनवरच्या कामासाठीचा निर्देश १९९० सालचा आहे, त्यावरून ब्रिटनने १९९२ मध्ये आपले नियम केले. तिथे वर्कस्टेशनची तपासणी, कामात विश्रांती, प्रशिक्षण आणि कर्मचाऱ्याने मागितली तर डोळ्यांची तपासणी, हे सगळं मालकाच्या जबाबदारीत येतं. जो माणूस रोज सलग तासभर किंवा त्याहून जास्त स्क्रीनवर काम करतो, तो या नियमांत बसतो. यादी करताना ही फूटपट्टी कुठेही चालण्यासारखी आहे. यादीतून हमखास तीन प्रकारचे लोक सुटतात: घरून काम करणारे, रोज वेगळ्या टेबलावर बसणारे, आणि "माझं काय, मी फिरतीवर असतो" म्हणत गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणारे. त्यांना आधी लिहा.

पहिली पायरी: नुसतं बघत बसा

तुम्ही पॅड-पेन घेऊन समोर उभे राहिलात की माणूस ताठ बसतो. त्याचा दोष नाही, आपण सगळेच तसे आहोत. म्हणून सांगा की पंधरा-वीस मिनिटं मी इथे शेजारी आहे, तुमचं चालू द्या. पहिली पाच मिनिटं वाया जातात. मग माणूस विसरतो आणि त्याची खरी बैठक दिसायला लागते: एक पाय दुमडून खुर्चीत घेतलेला, मान कासवासारखी पुढे आलेली, माउसकडे लांबवलेला हात.

शक्य असेल तर दुपारी चारनंतर जा. सकाळी सगळेच नीट बसतात.

माणूस जागेवर नसेल तेव्हा टेबल वाचा. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो. खुर्चीच्या बैठकीची फक्त पुढची कड झिजलेली असेल तर तो माणूस पाठ टेकतच नाही. का टेकत नाही, ते पुढे शोधायचं. पाठीवरचं प्लास्टिकचं वेष्टन अजून काढलेलंच नाही, अशी खुर्चीही मी बघितली आहे. तीन वर्षं वापरात होती. मॉनिटरखाली कागदांचे गठ्ठे असतील तर स्टँड पुरेसा उंच होत नाही. स्क्रीनच्या एका बाजूला पुठ्ठा चिकटवलेला असेल तर तिकडून झळाळी येते. भर उन्हाळ्यात खुर्चीच्या पाठीवर स्वेटर असेल तर एसीचा झोत थेट मानेवर आहे. लोक तक्रार करत नाहीत, जुगाड करतात. प्रत्येक जुगाड ही न केलेली तक्रार समजा आणि लिहून घ्या.

दुसरी पायरी: विचारा, पण नीट विचारा

"काही त्रास होतो का?" या प्रश्नाचं उत्तर "नाही" असंच येतं. त्याऐवजी विचारा, "संध्याकाळी उठताना सगळ्यात जास्त काय अवघडलेलं असतं?" किंवा "सुट्टीच्या दोन दिवसांत बरं वाटतं का?" सुट्टीत कमी होणारं आणि कामाच्या दुसऱ्या दिवशी परत येणारं दुखणं बहुधा कामाशी जोडलेलं असतं. डोळे चुरचुरणं, डोकं जड होणं, खांदा भरून येणं, मनगटात ठणका, बोटांना मुंग्या, कंबर धरणं, असं एकेक नाव घेऊन विचारलं की लोक बोलतात.

इथे डॉक्टर बनू नका. कुणी म्हणालं की रात्री हात बधिर होऊन जाग येते, हातातली वस्तू निसटते किंवा मुंग्या दिवसभर जातच नाहीत, तर तुमचं काम एकच: त्याला लवकर डॉक्टरकडे जायला सांगायचं आणि तोवर तो कोणती हालचाल टाळू शकेल ते बघायचं. आणि हे बोलणं फॉर्मच्या ज्या पानावर लिहाल ते पान सगळ्यांना फिरवू नका. एकदा ते बाहेर गेलं की पुढच्या टेबलावर कुणी तोंड उघडणार नाही.

तिसरी पायरी: खुर्ची, आणि क्रम मोडू नका

नव्या माणसाची सगळ्यात जास्त चूक इथे होते. "पाय जमिनीला टेकले पाहिजेत" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, म्हणून तो आधी पाय टेकतील इतकी खुर्ची खाली करतो. टेबल तर जागचं हलत नाही. बहुतेक टेबलं ७२ ते ७५ सेंमी उंच आणि पक्की असतात. बुटका माणूस खाली गेला की त्याचे हात टेबलावर चढतात, खांदे कानांकडे जातात, आणि तो दिवसभर खांदे उचकून टाइप करतो. पाय टेकले, मान गेली.

म्हणून उंची कोपरावरून ठरवायची. माणसाला टेबलाजवळ नीट बसवा, खांदे सैल सोडायला सांगा, दंड शरीरालगत, कोपर दुमडलेलं. आता खुर्ची अशी वर-खाली करा की कोपर टेबलाच्या पातळीला किंवा किंचित वर येईल. ही उंची ठरली. मग पायांकडे बघा. लोंबकळत असतील तर मांडीच्या मागच्या बाजूला बैठकीची कड रुतते, म्हणून फुटरेस्ट द्या. खुर्ची खाली करू नका, फुटरेस्ट द्या. हे वाक्य मी नव्या लोकांकडून दोनदा वदवून घेतो. उलट माणूस फार उंच असेल आणि त्याचे गुडघे टेबलाला लागत असतील, तर टेबलाच्या पायांखाली पक्के ठोकळे लावून टेबल उचलावं लागतं.

यानंतर बैठकीची खोली, म्हणजे बैठक पुढून मागे किती लांब आहे ते. पाठ पूर्ण टेकली असताना गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. मावत नसतील तर माणूस पुढे सरकून बसणार, पाठ सुटणार. झिजलेल्या कडेचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. मग खुर्चीच्या पाठीचा फुगवटा कमरेच्या खळग्यात येईल असा वर-खाली करा. आर्मरेस्ट सगळ्यात शेवटी. ते टेबलाला आपटत असतील तर माणूस टेबलाजवळ येऊच शकत नाही, मग हात लांबवून काम करतो. अशा वेळी आर्मरेस्ट खाली करा किंवा काढूनच टाका. नसलेले आर्मरेस्ट आडव्या येणाऱ्यांपेक्षा बरे.

काटकोनात बसलेल्या माणसाचं चित्र बऱ्याच ऑफिसांत भिंतीवर असतं. माझं त्याच्याशी फारसं पटत नाही. पाठ थोडी मागे रेललेली असेल तर कमरेला जास्त आराम पडतो, आणि कितीही शास्त्रशुद्ध असली तरी एकाच बैठकीत चार तास कुणी बसू नये. खुर्ची नीट लावणं म्हणजे माणसाला त्यात जखडणं नव्हे. पाठीचं रेलणं ज्या खटक्याने अडकवलेलं असतं तो मोकळा करून दाखवा. असा खटका असतो हेच अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

चौथी पायरी: स्क्रीन आणि उजेड

स्क्रीन नाकासमोर हवी. वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी खाली, आणि अंतर साधारण हातभर, ५० ते ७५ सेंमी. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांचं गणित मात्र उलटं आहे. ते चष्म्याच्या खालच्या भागातून वाचतात, म्हणून पुस्तकी उंचीवरच्या मॉनिटरकडे बघताना हनुवटी वर करतात आणि मान मागे मोडून दिवस काढतात. त्यांचा मॉनिटर बराच खाली आणा. दोन मॉनिटर सारखेच वापरले जात असतील तर दोघांमधली फट नाकासमोर. एकच मुख्य असेल तर तो समोर आणि दुसरा बाजूला.

माणूस पुढे वाकत असेल तर मॉनिटर ओढण्याआधी अक्षराचा आकार बघा. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं, ते पुढे झुकलं की मानेच्या मागचे स्नायू दिवसभर ते ओढून धरतात. कित्येकदा हे ओझं कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवल्याने उतरतं. खर्च शून्य.

झळाळीसाठी एक युक्ती. मॉनिटर बंद करा आणि माणसाच्या जागी बसून काळ्या पडद्यात बघा. तो आरसा होतो. मागची खिडकी, वरची ट्यूब, सगळं त्यात दिसतं. दिसतंय ते डोळ्यांना दिवसभर सोसावं लागतं. खिडकी पाठीमागे किंवा थेट समोर नको, बाजूला हवी. टेबल फिरवता येत नसेल तर पडदा. ऑफिसमधल्या लिहिण्या-वाचण्याच्या आणि स्क्रीनच्या कामासाठी युरोपीय मानकात ५०० लक्स उजेड धरला आहे. मोबाइलवरच्या ॲपने मोजलात तर तो अंदाजच समजा.

स्क्रीनने डोळे कायमचे बिघडतात, ही भीती तुम्हाला प्रत्येक मजल्यावर भेटेल. तसं होत नाही. डोळे थकतात, कोरडे पडतात, कारण स्क्रीनकडे टक लावताना आपण पापण्या कमी मिटतो. आणि आधीपासून असलेला, न कळलेला नंबर स्क्रीनसमोर उघडा पडतो. दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर लांब, २० सेकंद बघायचं, हा लक्षात ठेवायला सोपा नियम आहे. त्रास होतच राहिला तर डोळे तपासून घ्यावेत.

पाचवी पायरी: कीबोर्ड, माउस आणि लॅपटॉप

मनगट सरळ रेषेत हवं, वर मोडलेलं नको, बाहेर वळलेलं नको. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय उघडले की मनगट वर मोडतं, म्हणून ते मिटवून टाका. उजव्या हाताला आकड्यांची पट्टी असलेल्या कीबोर्डमुळे माउस वीतभर लांब जातो आणि खांदा उघडा पडतो. आकडे फारसे लागत नसतील तर पट्टी नसलेला कीबोर्ड द्या. अकाउंट्सच्या माणसाला पट्टी लागतेच. त्याला हात बदलून माउस वापरून बघायला सांगा. पहिला आठवडा तो तुम्हाला शिव्या देईल.

नुसत्या लॅपटॉपवर दिवसभराचं काम हे मी सरळ दोष म्हणून लिहितो. त्यात पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना बांधलेले असतात. पडदा वर घेतला तर हात चढतात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस, तिन्ही एकदम द्यायचे. नुसता स्टँड देऊन दुखणं मानेतून खांद्यात हलवू नका. स्टँड यायला वेळ असेल तर प्रिंटरच्या कागदाचे न फोडलेले गठ्ठे चालतात.

सहावी पायरी: वायरी वगैरे

हे झटपट होतं. एक्स्टेंशन बोर्डात दुसरा एक्स्टेंशन बोर्ड, गरम लागणारा प्लग, सॉकेटभोवती करपल्याचा डाग, खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली वायर, सोललेलं वेष्टन. यातलं काहीही दिसलं तर स्वतः उघडून बघू नका. वापर बंद, इलेक्ट्रिशियनला फोन. कपाटावर डोक्याच्या वर रचलेल्या जाडजूड फायली आणि वाटेत उघडे राहणारे खालचे ड्रॉवर तेवढे बघून घ्या.

सातवी पायरी: काम कसं आहे?

उत्तम खुर्चीत बसलेला माणूस तीन तास हलत नसेल तर खुर्चीचा उपयोग नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याचा सल्ला असा की दर तासाला ५ ते १० मिनिटांची उसंत ही दोन तासांनी २० मिनिटांच्या सुट्टीपेक्षा बरी. उसंत म्हणजे मोबाइल काढणं नव्हे. उठणं, दुसरं काम करणं. पण इथे कर्मचाऱ्याला उपदेश करून भागत नाही. कॉल संपल्यावर चार सेकंदांत पुढचा कॉल आपोआप येत असेल, तर तो उठणार कधी? अशा ठिकाणी जोखीम टेबलावर नसते, कामाच्या आखणीत असते, आणि नोंदीत विभागप्रमुखाचं नाव लिहावं लागतं. लिहा. इथे कच खाल्लीत तर बाकीचा फॉर्म नुसता फर्निचरचा हिशोब होतो.

नोंद आणि उपाय

"मॉनिटर अयोग्य" अशी नोंद वाचून कुणी काही करू शकत नाही. माझ्या वहीतली एक नोंद देतो:

"मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या १० सेंमी वर. वापरणाऱ्याचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, हनुवटी वर करून वाचतात, संध्याकाळी मान आखडते. स्टँड सगळ्यात खालच्या खाचेवर आणणे. आयटी, शुक्रवारपर्यंत."

काय दिसलं, कुणाला काय होतं, काय करायचं, कुणी, कधीपर्यंत. पाचही गोष्टी चार ओळींत बसतात.

शक्यतेला पाच गुण, गंभीरतेला पाच गुण आणि दोहोंचा गुणाकार, हा तक्ता बहुतेक फॉर्मवर असतो. भरायला सांगितलं असेल तर भरा. पण १२ आणि १५ यांतला फरक टेबलाजवळ उभं राहून कुणाला सांगता येत नाही. मी तीन ढीग करतो: आजच करायचं, महिन्याभरात करायचं, लक्ष ठेवायचं. करपलेलं सॉकेट आणि बधिर हात पहिल्या ढिगात. बैठकीचं बारकाईने मोजमाप हवंच असेल तर तयार पद्धती आहेत. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या लिन मॅकॲटॅमनी आणि नायजेल कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये मांडलेली 'रूला' मान, पाठ आणि हातांच्या स्थितीला गुण देते. २०१२ मधली 'रोसा' खास ऑफिसच्या टेबलांसाठी आहे, तिच्यात १० पैकी ५ गुण आले की हालचाल करायची असं साधारण धरतात. पहिल्या साठ टेबलांसाठी मात्र त्यांच्या नादी लागू नका.

उपाय सुचवतानाही क्रम आहे. धोका मुळातच काढता येतो का ते आधी, वस्तू बदलून भागतं का ते नंतर, आणि "नीट बसत जा" ही सूचना सगळ्यात शेवटी. तो सगळ्यात दुबळा उपाय आहे, आणि फुकट असल्यामुळे सगळ्यात लाडका.

परत जा

दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येक बदललेल्या टेबलाकडे परत चक्कर मारा. याशिवाय जागा बदलली, नवं फर्निचर आलं, कामाचं सॉफ्टवेअर बदललं, कुणी दुखापतीनंतर कामावर रुजू झालं, कुणी गरोदर असेल किंवा कुणाचा चष्मा बदलला, तर तपासणी नव्याने.

एका टेबलाला मी फुटरेस्ट दिला होता, बाई खूश होत्या. तीन आठवड्यांनी गेलो तर फुटरेस्ट सीपीयूमागे कोपऱ्यात आणि खुर्ची पुन्हा खाली. विचारलं तर म्हणाल्या, "रोज सकाळी तो मागे गेलेला असतो, वाकून कोण ओढणार!" रात्री झाडू मारणारे मामा तो उचलून बाजूला ठेवत होते, आणि त्यांचंही बरोबर होतं, तो त्यांच्या वाटेत येत होता. मामांशी बोललो. आता ते झाडून झालं की फुटरेस्ट जागेवर ठेवतात. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर एक रकाना वाढला आहे: या टेबलाला दिवसभरात आणखी कुणाकुणाचा हात लागतो?